वरचे पाच

हाताचा पंजा उभा धरायचा आणि मान खालीच ठेवायची, ही मावशींची सवय. आपण अंगणात शिरत "मावशी, बरं आहे ना?" म्हटलं की हा पंजा वर यायचा, चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा. मग आपण जिथे असू तिथे थांबायचं. उन्हात असलो तर उन्हात. मावशींच्या पुढ्यात ओल्या पोत्याचा तुकडा उलगडलेला असायचा, त्यावर मोड आलेलं सोयाबीन, आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका मोडावरून पुढे सरकत असायचं. बोट शेवटच्या दाण्यावर पोचलं की पंजा खाली.

"या मॅडम. मोजून राह्यली होती. उभ्या काहून? बसा ना."

पहिल्या वेळी मला राग आला होता. कृषी विद्यापीठाची गाडी गावात शिरली की खुर्च्या निघतात, चहा टाकला जातो, कुणीतरी पंखा आपल्याकडे वळवतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हाताने थांबवणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

माझं काम विस्ताराचं. विद्यापीठात जे सिद्ध झालं ते गावात पोचवायचं आणि गावात पोचलं असं वर कळवायचं. यातलं दुसरं काम जास्त वेळ खातं. वाशीम जिल्ह्यातल्या रस्त्यांनी तुम्ही गेला असाल तर बांधावरच्या आमच्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. रुंद सरी-वरंब्याचं प्रात्यक्षिक, गांडूळ खताचं प्रात्यक्षिक, अमुक वाणाचं प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिक एका हंगामात संपतं, पाटी राहते. मानोऱ्याकडच्या एका गावात आमच्या पाटीचा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याला बसवलेला दिसला. चांगला बसवला होता.

मेडशीहून आत सात-आठ किलोमीटरवरचं मावशींचं गाव आम्ही दत्तक घेतलं होतं. दत्तक हा शब्द आमच्या कागदावरचा. मावशींनी एकदा त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्या म्हणाल्या, "दत्तक घेतलं म्हणता, मंग दर बारीले पाच वाजले का परत काहून जाता?" आमचे ड्रायव्हर भाई गाडीच्या दारात उभे राहून इतके हसले की मला त्यांच्याकडे डोळे वटारून बघावं लागलं.

मावशींचं तीन एकर कोरडवाहू. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी अकोल्याला दिलेली. घरी एक म्हैस. तिच्या गोवऱ्या थापून मेडशीच्या हॉटेलवाल्यांना विकायच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नाव इथे लिहीत नाही. आमच्या हजेरीपटावर ते आहे, शेजारी अंगठाही आहे, तेवढं पुरे.

उगवण तपासणी ही आम्ही शिकवतो त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. सोयाबीनचं टरफल नाजूक. काढणीच्या वेळी पाऊस लागला, पोती उंचावरून आपटली, थप्पी फार उंच लावली, की दाणा वरून ठणठणीत दिसतो आणि आतून मेलेला असतो. पेरल्यावर कळतं, तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून पेरणीआधी शंभर दाणे घ्यायचे, ओल्या पोत्यावर ओळींनी मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उघडायचं आणि मोजायचं. सत्तर उगवले तर बी चांगलं. थोडे कमी असतील तर त्या मानाने एकरी बी वाढवायचं. फारच कमी असतील तर ते पेरायचं नाही. खर्च शून्य, यंत्र नको, वीज नको. त्यामुळेच बहुधा कुणी करत नाही.

त्या गावच्या समाजमंदिरात तीसेक बायकांना मी हे दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फोटो झाला, नाश्ता झाला. आठ दिवसांनी पाठपुरावा म्हणून गेले, तेव्हा काय दिसणार याची मला खात्री होती. पण मावशींच्या अंगणात कडुनिंबाखाली चार गुंडाळ्या ओळीने निजवलेल्या होत्या. एक त्यांची स्वतःची, तीन शेजाऱ्यांच्या. कुठली कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या साडीची चिंधी बांधलेली.

पुढच्या वर्षी अकरा गुंडाळ्या झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी मी मोजल्या नाहीत. मे महिना लागला की माणसं रुमालात, डब्यात, कागदाच्या पुडीत मूठभर बी घेऊन त्यांच्याकडे यायची. त्या घेत काहीच नसत. फक्त पोत्याचा तुकडा ज्याचा त्याने आणायचा.

लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला याचं कारण साधं होतं. त्या कमी सांगत. दुकानदार जास्त सांगतो, थैलीवरची चिठ्ठी जास्त सांगते, ज्याच्या घरचं बी तो तर सगळ्यात जास्त सांगतो. मावशी बोट फिरवून आकडा सांगत आणि आकड्याच्या आगेमागे काही बोलत नसत. एकदा मी बसलेली असताना गावचे सरपंच आले. त्यांचं बी एक्केचाळीस भरलं होतं.

"मावशे, काहीतरी चुकलं असन. घरचं बी हाये माह्यं. सोन्यासारखं!"

"सोन्याले मोड येत नाई बापू," मावशी म्हणाल्या आणि पुढची गुंडाळी उलगडायला घेतली.

आमच्या महाविद्यालयाच्या मुली एकदा सेवा शिबिरासाठी गावात राहिल्या होत्या. बीजप्रक्रियेवर पथनाट्य केलं, भिंतींवर घोषणा लिहिल्या, एक बंधारा अर्धा बांधला. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना मावशींकडे नेलं. एका हुशार मुलीने भराभर मोजून सांगितलं, "चौऱ्याऐंशी!" मावशींनी पुन्हा मोजलं आणि म्हणाल्या, "एकोणऐंशी."

"आजी, मोड तर चौऱ्याऐंशींना आलेत."

"हे पाह्य." मावशींनी पाच दाणे वेगळे काढले. कुणाचा मोड वळून पिळला होता, कुणाचं मूळ बोथट होतं, एकाच्या दोन्ही डाळी फाटलेल्या. "हे लंगडे हायेत. पोत्यावर उगवले म्हणून वावरात उगवत नाईत. लंगड्याले मोजत नसतात."

ती मुलगी माझ्याकडे बघू लागली. बरोबर होतं. पुस्तकातही तेच आहे. मीच ते शिकवलं होतं, प्रशिक्षणाच्या शेवटी, नाश्त्याच्या प्लेटा वाटल्या जात असताना, दोन वाक्यांत. तीस बायकांपैकी एकीने ते ऐकलं होतं.

भाईंचं आणि मावशींचं मात्र दर वेळी वाजायचं. भाई कारंज्याचे. गाडीतून पोतं उतरवायचं तर ते मागच्या फळीवरून धप्पकन खाली सोडत.

"ओ भाई! आपटू नोका! जीव हाये त्यात!"

"अम्मा, सोयाबीन है. अंडे नहीं है."

"अंडेच समजा. तुमच्या लेकराले असं उतरवता का गाडीतून?"

दोन-तीन खेपांनंतर भाई पोती खांद्यावरून उतरवायला लागले. इतर गावांतही. मी त्यांना हेच तीन वर्षं सांगत होते.

इथवर लिहिलं ते मला आवडतं. पुढचं लिहायचं म्हणून हे लिहायला बसले आहे.

त्या वर्षी आमच्या विस्तार केंद्राने दत्तक गावाला बियाणं द्यायचं ठरवलं. नवा वाण, प्रत्येक घराला एक पोतं, पोत्यावर विद्यापीठाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर उगवणीचा आकडा सत्तरच्या वर. आदल्या हंगामात काढणीच्या वेळी पाऊस आला होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण चिठ्ठी लागली की त्यावर कुणी बोलत नाही. मेअखेर मी दोन पोती नमुना म्हणून गावात ठेवून आले. मावशींनी त्यातलं मूठभर मागून घेतलं. मी काय म्हणणार? दिलं.

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, तुमचं बी अडुसष्ट भरलं."

दुपारपर्यंत सगळ्या गावाला अडुसष्ट माहीत झालं होतं. सरपंचांचा फोन आला, "मॅडम, लोकं नाई म्हणून राह्यले तुमचं बी." मग आमच्या साहेबांचा फोन आला. साहेब वाईट माणूस नव्हे. पण ट्रक ठरलेला, वाटपाचा दिवस ठरलेला, वरून पाहुणे येणार होते. म्हणाले, "एक बाई पोत्याच्या तुकड्यावर काहीतरी मोजते आणि आपलं बियाणं नापास? जाऊन बघा, कुठे चुकतंय ते शोधा."

मी चूक शोधायलाच गेले. हे कबूल करायला मला अडचण नाही. अडुसष्ट आणि सत्तर यांत फरक केवढा? एखाद्या ओळीला पाणी कमी पडलं असेल, दोन दाणे उंदराने नेले असतील. मी अंगणात पाट घेऊन बसले आणि म्हटलं, "मावशी, पुन्हा एक गुंडाळी लावा बरं. माझ्यासमोर."

त्यांनी बी सुपात घेतलं आणि मोजायला लागल्या. त्या विसाने मोजत. एका ओळीत वीस दाणे, ओळ झाली की बोटाने पोत्यावर रेघ. अशा पाच ओळी. पाच विसा शंभर. इथवर चोख. मग सुपात पुन्हा हात घालून त्यांनी आणखी पाच दाणे उचलले आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला ठेवले. इतक्या सहज, कपाळावरचा घाम पुसावा तसे.

"हे कसले?"

"कोणते?"

"हे पाच. शंभर तर झाले."

"वरचे हायेत ते."

"वरचे म्हणजे?"

मला एवढंही कळत नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलं. "शेकड्याले पाच वर टाकतेच ना मॅडम. गोवऱ्या देल्या तरी पाच वर, पेंढ्या देल्या तरी पाच वर. बोडका शंभर कोणी देते का?"

मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. चूक सापडली होती. अडुसष्टची गुंडाळी अजून कोपऱ्यात होती. मी ती ओढून घेतली आणि मोडाचे, बिनमोडाचे, लंगडे, सगळे दाणे मोजले. एकशे पाच. फोन काढला, भागाकार केला, आणि आनंद तिथेच संपला.

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. शंभरातले अडुसष्ट उगवले असते तर बी सत्तरच्या जवळ होतं. इथे एकशे पाचातले अडुसष्ट उगवले होते. म्हणजे पासष्टलाही टेकत नव्हतं. मावशींच्या चुकीने आमचं बी होतं त्यापेक्षा बरं ठरलं होतं.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना आकडे समजायला वेळ लागला नाही. त्या दुसऱ्याच गोष्टीवर अडल्या.

"म्हंजे आतापावतर मी जे जे सांगतलं..."

"थोडं जास्त सांगितलं."

"किती?"

"शंभरात तीन-चार."

"समद्याइले?"

"सगळ्यांनाच. पण फार नाही हो मावशी. तीन-चार दाणे."

"तुमी तवाच काहून नाई सांगतलं?"

"मी शंभर म्हटलं होतं."

"म्या शंभरच घेतले," त्या म्हणाल्या.

दोघींचंही खरं होतं. त्यांच्या अंगणात मी किती वेळा उभी राहिले असेन. पण गुंडाळी उघडली की मोड एकमेकांत गुंतलेले असायचे, ओळी हललेल्या असायच्या. मी आकडा लिहून घ्यायची, दाणे कधी मोजले नव्हते. विद्यापीठाच्या अहवालात त्या गावाच्या उगवणीचे तीन वर्षांचे आकडे आहेत, ते सगळे एकशे पाचातले आहेत.

मावशींनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "माह्या सांगण्यावर लोकं पेरतात बाई. आज जाऊन सांगतो घरोघर." नेहमी त्या मला मॅडम म्हणत. त्या दिवशी बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "घरोघर कशाला? परवा सभा आहे, सगळा गाव येईल. तिथे मी नीट सांगते. तुमचा शंभर एकशे पाचाचा होता हेही, आणि त्यामुळे बी आणखी कमी भरतं हेही."

"दोनी सांगसान?"

"दोन्ही."

साहेबांना मी दोन्ही सांगितलं. त्यांनी एक घेतलं.

सभेच्या दिवशी ट्रक समाजमंदिराबाहेर उभा होता. पाहुणे आले होते, त्यांना पुढे पोहरादेवीला जायचं होतं, त्यामुळे घाई होती. साहेब बोलायला उठले. वाणाबद्दल बोलले, विद्यापीठ आणि गाव यांच्या नात्याबद्दल बोलले, मग हसत म्हणाले, "तुमच्या मावशींनी आमच्या बियाण्याची परीक्षा घेतली म्हणे. चांगली गोष्ट आहे. पण मावशींचा शंभर किती दाण्यांचा असतो, माहीत आहे का? एकशे पाच! काय मॅडम, तुम्हीच मोजलंत ना? किती दाणे होते?"

"एकशे पाच," मी म्हटलं.

हशा झाला. सरपंच सगळ्यात मोठ्याने हसले. एक्केचाळीस त्यांच्या लक्षात असणार. कुणीतरी मागून म्हणालं, "मावशे, माह्या पाच गोवऱ्या राह्यल्या मंग तुह्याकडे!" पुन्हा हशा. त्यात दुष्टपणा नव्हता. गावाला फार दिवसांनी त्यांची एक चूक सापडली होती.

मावशी दाराजवळ बसल्या होत्या. त्या उठल्या. पदर सारखा केला.

"व्हय. माहा शंभर चुकला," त्या म्हणाल्या. हसणं थांबलं. "पण त्यानं बी वाढत नाई. अजून कमी होते. कसं, ते मॅडम सांगतीन."

आणि त्या खाली बसल्या. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात कागद होता. त्यावर भागाकार लिहिलेला होता, मोठ्या अक्षरात, मागच्यांनाही दाखवता यावा म्हणून. साहेब माझ्याकडे बघत होते. पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं.

"ते आपण वाटपानंतर बोलू," मी म्हटलं.

वाटपानंतर कोण थांबतं? पोती उतरली, याद्यांवर सह्या-अंगठे झाले, पोत्यासह प्रत्येकाचा फोटो झाला, पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या. मावशींनी पोतं घेतलं नाही. त्यांची जागा रिकामी दिसली तेव्हा मी भाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "अम्मा तो कबकी गई. घर-घर जा रही है."

त्या खरंच घरोघर गेल्या होत्या. मागच्या वर्षांत ज्याचं ज्याचं बी मोजलं होतं त्याच्या दारात जाऊन सांगत होत्या, माहा शंभर चुकला होता, तुह्यं बी मी सांगतलं त्याहून तीन-चारानं कमी होतं. लोक म्हणत होते, असू दे मावशे, झालं गेलं. आमच्या बियाण्याबद्दलही त्या सांगत होत्या, पेरसान तर एकरी मूठ वाढवून पेरा. पण एकदा चुकले म्हणून सांगायला आलेल्या माणसाचं दुसरं वाक्य कोण ऐकतं?

पेरण्या झाल्या. जूनअखेर मी गावात गेले तेव्हा बांधावरूनच दिसत होतं. ओळी तुटक होत्या. दोन रोपांच्या मध्ये हात-हातभर काळी जमीन. बऱ्याच जणांनी मोडून दुसऱ्यांदा पेरलं, बाजारातून जे मिळेल ते बी आणून. ज्यांना ते जमलं नाही त्यांनी विरळ पीक तसंच ठेवलं. मावशींच्या तीन एकरांत घरचं बी होतं, दाट उगवलेलं. त्या निंदणी करत होत्या. मला पाहून त्यांनी नेहमीसारखं "या मॅडम" म्हटलं, पाणी दिलं. विरळ वावरांबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या अहवालात कारण लिहिलं ते पावसाचा खंड. पेरणीनंतर आठ-नऊ दिवस पाऊस नव्हता, तेव्हा तेही खोटं नव्हतं. माझ्या नोकरीत खोटं फारसं लिहावं लागत नाही.

पुढच्या मे महिन्यात कडुनिंबाखाली एकही गुंडाळी नव्हती. लोक आले नाहीत असं नाही. दोन-चार जण रुमालात बी घेऊन आले होते. मावशींनी त्यांना परत पाठवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "माहा शंभर कच्चा हाये मॅडम. तुमी बी लोकाइले माह्याकडे धाडू नोका."

"आता तुम्हाला कळलं आहे ना? पाच वर टाकायचे नाहीत, एवढंच."

"मले कळलं. लोकाइले काय कळलं?" त्या म्हणाल्या. "आता मी साठ सांगतलं का ते म्हणतीन, मावशीचे साठ हायेत, खरे किती कोणाले माहीत. मंग मोजून काय करू?"

मी दुसऱ्या दोन बायकांना शिकवून पाहिलं. या वेळी दाणे मोठ्याने मोजून घेतले, दहा ओळी, प्रत्येकीत दहा. एकीने एका हंगामात केलं. दुसरीची गुंडाळी पाण्यावाचून वाळली. साहेबांची बदली झाली, निरोप समारंभात त्यांनी दत्तक गावाच्या कामाचा आवर्जून उल्लेख केला. गावाच्या दत्तकपणाची मुदतही संपली. आता दुसरं गाव घेतलं आहे, कामरगावच्या बाजूला. तिथेही समाजमंदिर आहे, तिथेही बायका माना डोलावतात. मी शिकवते, कारण पद्धत चांगली आहे.

मावशी शेवटच्या भेटल्या त्या मेडशीच्या स्टँडवर. मी अकोल्याहून परत येत होते. भाईंना त्या आधी दिसल्या. "मॅडम, अम्मा!" म्हणत त्यांनी गाडी कडेला घेतली. मावशी सावलीत उभ्या होत्या, पायाशी दोन पिशव्या आणि तोंड बांधलेला डबा. म्हैस विकली होती, वावर अर्ध्या वाट्याने बटईला दिलं होतं. गुडघे चालत नव्हते, मुलगी तिच्याकडे ये म्हणत होती. अकोल्याच्या गाडीची वाट बघत होत्या.

"थोडं थांबा, मी सोडते तुम्हाला. गाडी वळवून घेऊ."

"कायले? तुमची वाट उलटी. येस्टी येतेच आता."

भाईंनी चहा आणून दिला. आम्ही दोघी उभ्याने चहा प्यालो. मी अशा गोष्टी बोलणारी बाई नाही. पण गाडी कधीही आली असती, आणि नंतर अकोल्याला त्यांच्या मुलीचं घर शोधत मी जाणार नव्हते हे मला माहीत होतं.

"मावशी, त्या सभेत... चूक तुमची नव्हती."

"होती ना. माहीच होती." त्या कपाकडे बघत म्हणाल्या. "पाचाची होती." मग वर पाहून, "तुमची कितीची होती?"

टोमणा नव्हता त्यात. शेजारच्या शेतकऱ्याला आपण विचारतो ना, यंदा किती झालं, तसं त्यांनी विचारलं. पावसाचा खंड, साहेब, पाहुणे, घड्याळ, सगळं माझ्या जिभेवर येऊन गेलं.

"बेचाळीस घरांची," मी म्हटलं. वाटपाच्या यादीवर तेवढ्या सह्या-अंगठे होते.

मावशींनी कप खाली ठेवला. ओठ हलले. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरला, एका हातावर आणि मग दुसऱ्या हातावर.

"त्रेचाळीस," त्या म्हणाल्या. "वरच्या आळीतला धाकटा वेगळा निंघाला होता. त्यानं भावाच्या पोत्यातलं अर्धं नेलं. त्याचं घर धरलं नाई तुमी."

"बरोबर. त्रेचाळीस."

अकोल्याची गाडी आली. भरलेली होती. भाईंनी पिशव्या आत चढवल्या, मी डबा दिला. त्या दांडी धरून एकेक पायरी चढल्या आणि आत गर्दीत गेल्या. मी खिडक्यांकडे बघत उभी राहिले. त्या दिसल्या नाहीत. पलीकडच्या बाजूला जागा मिळाली असावी.